लॉग आधी, अधिकार नंतर

(पडद्यावर नॅगिऑसचा डॅशबोर्ड; नॅगिऑस म्हणजे सर्व्हरांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर)

हिरवं, हिरवं, हिरवं. मध्येच एक पिवळी ओळ, कुठेतरी डिस्क भरत आलीय. लाल दिसलं की सर्व्हर सांभाळणारा डबा तसाच टाकून उठतो.

अमेरिकेतल्या ईथन गॅलस्टॅडनं 1999 मध्ये हे सॉफ्टवेअर आणलं तेव्हा नाव होतं नेटसेंट. ट्रेडमार्कवरून हरकत आली आणि 2002 मध्ये ते नॅगिऑस झालं. ‘आगिओस’ म्हणजे ग्रीकमध्ये संत. नव्या नावाची फोड मात्र खोडकर: संतपणाचा आग्रह धरणार नाही!

(टर्मिनल, जवळून)

हे आमचं लॅबमधलं मशीन. मुद्दाम 4.2.4 या आवृत्तीच्या आधीचं नॅगिऑस टाकलंय. ते सुरू होतं रूट म्हणून, म्हणजे मशीनवर काहीही करायला मोकळं. मग ते अधिकार सोडतं आणि ‘नॅगिऑस’ नावाचा साधा युजर बनतं. इथपर्यंत ठीक. घोळ क्रमात आहे. लॉगची, म्हणजे नोंदींची, फाइल उघडते ती अधिकार सोडायच्या आधी. आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे, तो त्या साध्या युजरच्या मालकीचा.

आता बघा. लॉग उडवला. त्याच नावाची सिमलिंक ठेवली, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण. बाणाच्या डावीकडे नॅगिऑस डॉट लॉग. उजवीकडे स्लॅश ईटीसी, त्यातली एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम सुरू होताना ही फाइल बघतात, आधी कुठली लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, घ्यायची ते तिच्यात असतं.

रीस्टार्ट. फाइल तयार झाली, रूटच्या अधिकारात. मालकाचा कॉलम वाचा: नॅगिऑस.

तिच्यात एक ओळ लिहिली: आमच्या लायब्ररीचा पत्ता. मग सुडो चालवलं, रूटच्या अधिकारात सुरू होणारा प्रोग्रॅम.

(कर्सर थांबतो)

साध्या युजरचा डॉलर गेला, रूटचा हॅश आला.

‘लोकल’ आहे, आधी आत तर यायला हवं, असं म्हणून अशी भोकं यादीत खाली ढकलतात. पण हे शोधणाऱ्या डाविड गोलुन्स्की या सुरक्षा संशोधकानं त्याच सुमारास नॅगिऑसच्या वेब पानांतल्या बातम्यांच्या फीडमधलं दुसरं भोकही दाखवलं होतं. त्यातून बाहेरच्याला आत येता येत होतं. दोन्ही जोडली की पूर्ण मशीन हातात, आणि नॅगिऑसचं मशीन बाकीच्या सर्व्हरांशी बोलत असतं.

दुरुस्ती 4.2.4 मध्ये आली, डिसेंबर 2016. बदलांच्या यादीत गोलुन्स्कीचे आभार आहेत, आणि वर लिहिलंय: रूटपर्यंत नेणारं ‘आणखी एक’ भोक बुजवलं.