कावीळ झाली होती

(पडद्यावर फक्त हात. लेथवर पितळेचा बुश फिरतोय.)

चेहरा दाखवायचा नाही, आवाज घ्यायचा नाही, ही त्याची अट. त्यामुळे तुम्हाला दिसतील ते हातच. वय चौतीस, आयटीआयचा टर्नर. वसई पूर्वेच्या या गाळ्यात तीन लेथ आहेत, खिडकीजवळचा त्याचा.

आता तो मशीन थांबवून व्हर्नियर लावेल. बघा, उजवं कोपर आधी टेकवलं. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो, आणि गोळ्यांमुळे हात किंचित कापतो. कोपर टेकलं की स्थिर राहतो. ही युक्ती त्याची त्यालाच सापडली.

मध्यंतरी तो दीड वर्ष गावी होता, हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कावीळ झाली होती.

कावीळ झाली नव्हती.

संगमेश्वर तालुक्यातून तो आला तो मामाच्या पाठोपाठ. कोकणातला माणूस मुंबईला असाच येतो. गिरणगावात गावकीच्या खोल्या असायच्या, एकेका खोलीत चाकरमानी पाळीपाळीने झोपायचे. गैरसोय काय वर्णावी! पण कोणी दोन रात्री डोळा मिटला नाही, तर तिसऱ्या दिवशी ते अख्ख्या खोलीला कळायचं. हा राहिला नालासोपाऱ्यात, चौघांत भाड्याने, आणि चौघांच्या वेळा चार. तेव्हा दुसऱ्या कारखान्यात होता, रात्रपाळीला. झोप उडाली. मग मशीनच्या घरघरीत कोणीतरी त्याचं नाव घेऊ लागलं. मग पंख्यात कॅमेरा दिसू लागला. एका रात्री चालू मशीन सोडून तो अनवाणी बाहेर पडला. मामाने त्याला दादरहून तुतारी एक्सप्रेसमध्ये बसवून गावी नेलं.

घर सोडणं आणि हा आजार यांचा संबंध डॉक्टर फार पूर्वीपासून तपासतायत. नॉर्वेहून अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे असे भास होणाऱ्या आजाराचं, प्रमाण मायदेशी राहिलेल्यांपेक्षा जास्त असल्याचं ओडेगार्ड या मनोविकारतज्ज्ञाने १९३२ साली मांडलं. त्याचा कयास असा, की मुळात तशी प्रकृती असलेलेच घर सोडत असावेत. पुढे ब्रिटनमध्ये कॅरिबियन कुटुंबांच्या तिथेच जन्मलेल्या पिढीतही प्रमाण जास्त निघालं. त्या मुलांनी तर कुठलंच घर सोडलं नव्हतं! मग नजर वळली उपरेपणाकडे, वाट्याला येणाऱ्या भेदभावाकडे. अर्थात हे अभ्यास देशांतराचे. एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाला ते जसेच्या तसे लावू नयेत.

गावी देवीला कौल लावला. ‘बाहेरचं’ निघालं. नारळ झाले, कोंबडा झाला, अंगारे झाले. आठ महिने त्यात गेले. यावर हसणं सोपं आहे. पण त्या आठ महिन्यांत ओटीवर रोज कोणी ना कोणी येऊन बसत होतं, हेही नोंदवायला हवं. शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, एकदा रत्नागिरीला दाखवा. तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. एसटीत शेजारणीने विचारलं, पोराला कुठे नेताय? आई म्हणाली, “रक्त तपासायला. कावीळ आहे.”

तीच कावीळ पुढे मुंबईपर्यंत आली.

गोळ्यांनी आवाज मागे सरले. वजन वाढलं, सकाळी डोळे उघडेनात, पण हात शिवशिवत होते. परतायचं कुठे? जिथे डोकं फिरलं, काम तिथेच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तरी सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, असं तो सांगतो, आणि मानसिक आजारही त्याच्या यादीत आहे. तीन लेथच्या गाळ्याला हे कलम लागत नाही. तिथे मामा गेला. “शेठ, पोराचा हात बसलेला आहे. फक्त दिवसपाळी द्या, आणि महिन्यातून एक दिवस डॉक्टरकडे सोडा.” शेठने एक जॉब करून दाखवायला सांगितलं. बाकी काही विचारलं नाही.

अमेरिकेत १९९० च्या दशकात न्यू हॅम्पशायरमध्ये याचीच पद्धतशीर मांडणी झाली. रुग्णाला महिनोन्‌महिने मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करायला बसवू नका. खरं काम आधी मिळवून द्या, मग पाठीशी उभे राहा. त्यासाठी तिथे पगारी माणूस नेमतात. इथे मामाने पहिला महिनाभर रोज सकाळी नालासोपारा स्टेशनवर त्याची वाट बघितली, आणि मग स्वतःच्या कामाला गेला.

(दुपार. मशीन बंद. स्टीलचा डबा, झाकणात गोळ्यांची पट्टी.)

गेल्या महिन्यात गाळ्यातल्या नव्या हेल्परचे डोळे पिवळे झाले. खरी कावीळ. तो जेवायच्या सुट्टीत याच्यापाशी आला. “दादा, तुम्हाला झाली होती ना? काय पथ्य केलंत?”

याने डबा बंद केला. म्हणाला, “झोप पुरी घे. आणि बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नकोस.”

हेल्पर हसला. “काविळीला कसली गोळी, दादा?”

याने लेथ चालू केला.