उलटं टांगल्यावर गुडघा कुठे असतो?

एरंडेल तेल. खांबाला, तळव्यांना, मांडीच्या आतल्या बाजूला. मल्लखांबावर पकडही लागते आणि घसरावंही लागतं, त्यासाठी.

नाशिकमधली ही सकाळची बॅच साधी अढी शिकतेय. पाय वर खांबाभोवती, डोकं खाली. अशा वेळी स्वतःचे पाय दिसत नाहीत. ताई सांगतात, "अगं, उजवा गुडघा आवळ!" पोरगी डावा आवळते. "उजवा!" बघा, सापडला. मान न वळवता.

कसा सापडला? स्नायू किती ताणलाय, किती झपाट्याने ताणला जातोय, याची खबर स्नायूंमधले बारीक संवेदक मेंदूला सतत देत असतात. सांधे आणि कातडी आपली भर घालतात. वर कुठे आणि खाली कुठे, हे आतला कान सांगतो. व्हायला हवी होती ती हालचाल आणि झाली ती, यांचा ताळा लहान मेंदू जुळवतो. चूक निघाली की पुढच्या खेपेला हुकूम थोडा बदलतो. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1906 मध्ये आपलं अंग कुठे आहे हे न बघता कळण्याच्या या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' असं नाव दिलं. पाच ज्ञानेंद्रियांच्या यादीत ती आजही नसते.

मेंदूत शरीराचा नकाशा असतो आणि सरावाने तो बदलतो. 1995 मध्ये जर्मन संशोधकांनी तंतुवाद्य वाजवणारे तपासले. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांनी मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा व्यापली होती. ज्यांनी लहानपणी सुरुवात केली, त्यांच्यात आणखी जास्त.

नाशिक जिल्ह्यातलंच कोठुरे, निफाड तालुका. बाळंभटदादा देवधरांचं गाव. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब पुन्हा उभा केला तो त्यांनी. वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांनी माकडांकडून डाव उचलले, असं सांगतात. खरंखोटं देवी जाणे, पण माकड काही पुस्तक उघडून शिकवत नाही.

आता वर्ग. समीकरणाच्या दोन्ही बाजू हातवारे करून समजून घेणाऱ्या मुलांच्या ते जास्त दिवस लक्षात राहिलं, असं शिकागोच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. अढी जमली म्हणून त्रैराशिक येतं, असं नाही. पण हात-पाय बाकाखाली दाबून बसवलेलं पोर शिकण्याचं एक साधन बाहेर ठेवून आत येतं.

परीक्षा जवळ आली, की पीटीचा तास गणिताला जातो. आखाड्यातली पोरंही तेव्हा क्लासला असतात.