‘तोरादोरा!’चा पहिला भाग: रिकामं पाकीट आणि फ्राइड राइस

नमस्कार मंडळी! आज ‘तोरादोरा!’चा फक्त पहिला भाग. 2008 ची जपानी अ‍ॅनिमे मालिका, जे. सी. स्टाफ स्टुडिओची, युयुको ताकेमियाच्या कादंबऱ्यांवर बेतलेली. भाग एकूण 25. आणि हो, स्पॉइलर आहेत.

आपला नायक र्‍युजी, याची नजर बापावर गेलीय. बघितलं की पोरं घाबरून बाजूला होतात. घरी मात्र हा गडी स्वयंपाक करतो, डबा भरतो, बुरशी दिसली की अस्वस्थ होतो. आई रात्री बारमध्ये कामाला, त्यामुळे घर याच्याच अंगावर. नायिका तायगा दिसायला चिमुकली, बाहुलीसारखी. शाळेत तिच्यावर आदळलात तर मात्र तुमची खैर नाही!

र्‍युजीला आवडते मिनोरी, म्हणजे तायगाची जिवलग मैत्रीण. तायगाला आवडतो कितामुरा, म्हणजे र्‍युजीचा दोस्त. इथवर सगळं नेहमीचंच आहे.

खरी मजा रात्री. कितामुरासाठीचं प्रेमपत्र तायगानं चुकून र्‍युजीच्या बॅगेत टाकलंय. मग काय, पुरावा आणि साक्षीदार दोन्ही संपवायला बाई लाकडी तलवार घेऊन मध्यरात्री याच्या घरात! मारामारी, पळापळ, आणि शेवटी कळतं काय, तर पाकीट रिकामंच. पत्र आत घालायचंच राहिलंय. वर भुकेनं पोट गुरगुरतंय. हा काय करतो? फ्राइड राइस परततो!

पण मला सगळ्यात आवडतं ते यानंतरचं. तिची फजिती बघून तो हसत नाही, उलट स्वतःचं गुपित बाहेर काढतो: मिनोरीसाठी लिहून कधीच न दिलेली पत्रं, तिच्यासोबत ऐकायची म्हणून निवडून ठेवलेली गाणी. आता लाज दोघांचीही सारखीच गेली. जोडी कुणाची जमणार ते मालिकेच्या नावानंच फोडलंय, तोरा म्हणजे वाघ, दोरा म्हणजे ड्रॅगन; तायगा म्हणजे ‘टायगर’ आणि र्‍युजीतला ‘र्‍यु’ म्हणजे ड्रॅगन. मग उत्सुकता कशाची? एकमेकांना दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या या दोघांना ते कधी कळतं, याची.

एक खटकतंच. तायगाचे गुद्दे आज तितके विनोदी वाटत नाहीत. मुलगा मुलीला असा बुकलताना दाखवला असता, तर आपण हसलो असतो का? कमेंटमध्ये भांडा खुशाल.

आणि बघायचंच तर जपानी आवाजात बघा. रिए कुगिमियाची तायगा एका वाक्यात गुरकावते आणि त्याच दमात रडकुंडीला येते.