सहाही साधनांवरचा राजा : कोहेइ उचिमुराची कारकीर्द

(जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. जपानचा जिम्नॅस्ट कोहेइ उचिमुराचा विषय निघाला की पदकांची यादी आधी येते. ती एका दमात सांगून टाकतो, म्हणजे मूळ मुद्द्याला वेळ मिळेल. ऑलिम्पिकची ७ पदकं, त्यात ३ सुवर्ण. जागतिक स्पर्धांची २१, त्यात १० सुवर्ण. २००९ ते २०१५ या काळात झालेल्या सहाच्या सहा जागतिक स्पर्धांमध्ये ऑल-अराउंड, म्हणजे सहाही साधनांच्या एकूण गुणांचा, विजेता, शिवाय २०१२ ला लंडन आणि २०१६ ला रिओ इथे ऑलिम्पिक विजेता. २००८ च्या अखेरीपासून २०१७ पर्यंत देशात-परदेशात मिळून सलग ४० ऑल-अराउंड स्पर्धा जिंकल्या.

आता गंमत बघा. या सगळ्या काळात कुठलंही एक साधन घ्या, त्यावर उचिमुरापेक्षा अवघड संच, म्हणजे त्या साधनावरची सलग कसरत, करणारा कोणी ना कोणी होताच. फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत) त्याचाच सहकारी केन्झो शिराई, हाय बारवर (उंच आडव्या दांड्यावर) नेदरलँड्सचा एप्के झोंडरलँड, पॉमेल हॉर्सवर (दोन कड्या लावलेल्या घोड्यावर) ब्रिटनचा मॅक्स व्हिटलॉक. रिंग्जवर तर उचिमुरा जगातल्या अव्वल मंडळींत कधीच नव्हता. तरीही सहाची बेरीज केली की तो वर. हे कसं घडतं, ते गुणांकनातून नीट कळतं.

२००६ पासून दहापैकी दहा ही पद्धत गेली आणि दोन वेगळे गुण आले. डी-स्कोअर काठिण्याचा. उचिमुराच्या काळात संचातले दहा घटक, म्हणजे एकेक सुटी करामत, मोजले जात, सर्वांत सोप्या ए घटकाला ०.१, बीला ०.२, अशी चढती भाजणी. त्यात ठरलेल्या गटांतले घटक केल्याचे गुण मिळवायचे. ई-स्कोअर सफाईचा. तो १० पासून सुरू होतो आणि फक्त खाली जातो: किरकोळ चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलात तर पूर्ण १. म्हणजे संचात ०.६ चा घटक घातला आणि त्यावर पडलात, तर घटकाने दिलेलं सगळं जाऊन वर ०.४ खिशातून गेले. आणि पडल्यामुळे घटकच धरला गेला नाही, तर तोटा आणखी मोठा. उचिमुराने हा हिशेब इतरांपेक्षा कडक ठेवला. नवीन घटक सरावात सफाईने बसला, गुडघे जुळलेले, पंजे ताणलेले राहिले, तरच तो संचात यायचा. जपानी जिम्नॅस्टिक्समध्ये सुंदर दिसण्याचा जो आग्रह आहे तो नुसता शोभेचा नाही. जुळलेले पाय म्हणजे न गेलेले गुण.

ही घडण कुठून आली? जन्म ३ जानेवारी १९८९, किताक्यूशू शहरात. आई-वडील दोघेही जिम्नॅस्ट. त्यांनी नागासाकी प्रांतातल्या इसाहाया इथे स्वतःचा क्लब काढला आणि तिसऱ्या वर्षापासून कोहेइ तिथे. लहानपणी तो ट्रॅम्पोलिनवर खूप खेळला, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ट्रॅम्पोलिनवर हवेतला वेळ जास्त मिळतो. पीळ, म्हणजे शरीराचं स्वतःभोवती फिरणं, कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, या क्षणी आपलं डोकं कुठे आणि पाय कुठे, हे शरीराला हजार वेळा विचारता येतं आणि चुकलं तरी मार बसत नाही. तो पिंक पँथरच्या बाहुलीला हातात फिरवून पीळ समजून घ्यायचा, वहीत काडीमाणसं काढून घटकाचे टप्पे मांडायचा. आपल्याकडे मुलाला आधी ताकद आणि मग हवेतलं भान, असा क्रम अनेकदा लावला जातो. त्याच्या बाबतीत भान आधी आलं.

पंधराव्या वर्षी घर सोडून तो टोकियोला गेला, २००४ च्या अथेन्स सुवर्णविजेत्या संघातल्या नाओया त्सुकाहाराबरोबर सराव करायला. नाओया हा मित्सुओ त्सुकाहारांचा मुलगा. व्हॉल्टवरच्या (धावत येऊन टेबलावर हात टेकून उडी मारायच्या साधनावरच्या) ज्या त्सुकाहारा उडीचं नाव तुम्ही रोज घेता, ते हेच मित्सुओ. दीपा कर्माकरने रिओच्या अंतिम फेरीत जी पहिली उडी मारली, तीही त्सुकाहाराच, दुहेरी पिळाची.

२००८, बीजिंग. वय १९. ऑल-अराउंड अंतिम फेरीत दुसऱ्याच साधनावर, पॉमेल हॉर्सवर, तो दोनदा पडला. गुण १३.२७५, आणि स्थान घसरून चोविसावं. पॉमेल हॉर्सवर पडण्याचं कारण बहुतेक वेळा खांद्यात असतं. वजन एका हातावरून दुसऱ्यावर जाताना खांदा पुरेसा बाहेर झुकला नाही की कंबर खाली येते, पाय कडीला किंवा कातड्याला घासतात, लय तुटते आणि पुढचा हात उशिरा पडतो. तिथून पुढच्या चार साधनांवर त्याने एकही मोठी चूक केली नाही आणि रौप्य घेतलं, चीनच्या यांग वेईच्या मागे. कांस्यपदकविजेत्या फ्रान्सच्या बेन्वा कारानोबपेक्षा फक्त ०.०५० ने पुढे.

पुढची तीन वर्षं म्हणजे निव्वळ वर्चस्व. २००९ ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत दुसऱ्यापेक्षा २.५७५ ने पुढे. २०१० ला रॉटरडॅममध्ये २.२८३ ने. २०११ ला टोकियोत ३.१०१ ने. तीन गुणांची आघाडी म्हणजे तीनदा पडून तो फोटोफिनिशला आला असता. मला त्याचा हा काळ सर्वांत देखणा वाटतो. काठिण्य आणि सफाई दोन्ही एकाच वेळी माथ्यावर होती.

२०१२ चं लंडन ऑलिम्पिक मात्र त्याला सहज गेलं नाही. पात्रता फेरीत हाय बार आणि पॉमेल हॉर्सवरून पडला आणि नवव्या क्रमांकाने अंतिम फेरीत आला. सांघिक अंतिम फेरीत जपानचा शेवटचा संच त्याचाच, पुन्हा पॉमेल हॉर्स. उतरताना हातावरचा तोल गेला आणि पंचांनी आधी डिसमाउंट, म्हणजे साधनावरून उतरण्याचा शेवटचा घटक, धरलाच नाही. जपान चौथा. जपानने डी-स्कोअरवर हरकत घेतली. लक्षात ठेवा, हरकत फक्त डी-स्कोअरवर घेता येते, ई-स्कोअरवर नाही. डिसमाउंट धरला गेला, १३.४६६ चे १४.१६६ झाले आणि जपानला रौप्य मिळालं. डिसमाउंट न धरला जाणं किती महाग पडतं पाहा: घटकाची किंमत जाते आणि डिसमाउंटच्या गटाचे गुणही जातात. दोनच दिवसांनी ऑल-अराउंडमध्ये त्याने पॉमेल हॉर्सवर १५.०६६ घेतले, व्हॉल्टवर १६.२६६ घेऊन पाय जागेवर रोवले, आणि ९२.६९० वर जिंकला. दुसरा आलेला जर्मनीचा मार्सेल न्गुयेन १.६५९ ने मागे.

आता रिओ. तारीख १० ऑगस्ट २०१६. चार दिवस आधी पात्रता फेरी, दोन दिवस आधी सांघिक अंतिम फेरी, दोन्हींत त्याने सहाही साधनं केली होती. सांघिक सुवर्ण आलं होतं, जपानसाठी अथेन्सनंतरचं पहिलं. म्हणजे २७ वर्षांचं शरीर पाच दिवसांतल्या तेराव्या ते अठराव्या संचासाठी उभं होतं. प्रतिस्पर्धी युक्रेनचा ओलेग व्हेर्न्याएव्ह. साधनवार बघूया, कारण ऑल-अराउंड समजून घ्यायला याहून चांगली स्पर्धा मला माहीत नाही.

फ्लोअर: उचिमुरा १५.७६६, ओलेग १५.०३३. पॉमेल हॉर्स: १४.९०० विरुद्ध १५.५३३, मिळालेली आघाडी जवळपास सगळी गेली. रिंग्ज: १४.७३३ विरुद्ध १५.३००. इथे ओलेग पुढे. व्हॉल्टवर १५.५६६ आणि १५.५००, जवळजवळ बरोबरी. पॅरलल बार (दोन समांतर दांडे) हे ओलेगचं हुकमी साधन, १६.१००, उचिमुराला १५.६००. पाच साधनांनंतर ओलेग ०.९०१ ने पुढे.

उरला हाय बार. बार २८ मिलिमीटर जाड, जमिनीपासून २.८० मीटर उंच. उचिमुराच्या संचाचा कणा म्हणजे बारवरून उडून पुन्हा पकडायचे घटक, कोव्हाक्स कुळातले. कोव्हाक्स म्हणजे बार सोडून त्याच्या वरून मागे दुहेरी कोलांटी आणि पुन्हा पकड. त्यात एक पीळ घातला, गुडघे छातीशी घेऊन, की कोलमन. तोच शरीर सरळ ठेवून, की कासिना. इथे सगळा खेळ सोडण्याच्या क्षणाचा. झोक्यात तळाशी शरीराला ताण देऊन पायांनी फटका मारायचा आणि पुढच्या बाजूला वर चढताना हात सोडायचे. लवकर सोडलं तर वेग सरळ वरच्या दिशेने जातो, तुम्ही बार ओलांडतच नाही आणि त्याच्यावर आदळता. उशिरा सोडलं तर उंची मिळत नाही, शरीर लांब मागे जातं आणि बोटांना बार लागत नाही. पकड मिळाली पण कोपरं वाकलेली असली, तरी गुण जातात आणि पुढचा झोका मरतो. चार दिवस आधी पात्रता फेरीत याच साधनावर तो पडला होता.

अंतिम फेरीत संच चालू असतानाच त्याची कंबर भरली. तरी घटक सुटला नाही. डिसमाउंटला उतरला तो पाय न हलवता. १५.८००. ओलेगला मग १४.९०० हवे होते. त्याचा संच जमला, पण उतरताना पाय हलला. १४.८००. अंतिम आकडे ९२.३६५ आणि ९२.२६६. फरक ०.०९९.

सर्वांत छोटी वजावट किती? ०.१. उतरताना पडलेलं एक छोटं पाऊल. ते नसतं तर ओलेग ९२.३६६ वर, म्हणजे ०.००१ ने जिंकला असता. नंतर पत्रकार परिषदेत पंचांची सहानुभूती उचिमुराला मिळते का, असा प्रश्न आला तेव्हा तो निरर्थक म्हणून ओलेगनेच बाजूला सारला. मला त्या संध्याकाळचा हा भागही तितकाच मोलाचा वाटतो.

मग पाय रोवायचे कसे? उचिमुराच्या चित्रफिती संथ गतीने बघा आणि पायांकडे नको, खांद्यांकडे बघा. शेवटचा पीळ जमिनीच्या बराच वर संपलेला असतो. पीळ लवकर संपला की डोळ्यांना गादी दिसते आणि पाय किती लांबवायचे ते ठरवायला क्षणभर मिळतो. पीळ अपुरा राहिला तर एक पाय आधी टेकतो आणि गुडघा किंवा घोटा पिळवटतो. मागच्या कोलांटीत फिरकी कमी पडली तर छाती खाली राहते आणि पाऊल पुढे पडतं. जास्त झाली तर मागे. तुमच्या खेळाडूचं पाऊल कायम एकाच दिशेला पडत असेल, तर दोष पायात शोधू नका, सोडण्याच्या क्षणात शोधा.

हेच शरीर पुढे थकत गेलं. रिओनंतर डिसेंबर २०१६ मध्ये तो जपानचा पहिला व्यावसायिक जिम्नॅस्ट झाला. २०१७ ला मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत पात्रता फेरीतच व्हॉल्टवर डावा घोटा गेला. उडी ली शिआओपेंग: राउंड-ऑफने (हातांवरून वळत) स्प्रिंगबोर्डवर, अर्धं वळून टेबलावर हात, आणि पुढे सरळ शरीराने कोलांटी अडीच पिळांसह. उतरताना पीळ जरा राहिला की सगळा भार घोट्यावर. त्याने माघार घेतली आणि जागतिक स्पर्धांमधली विजयमालिका तिथे थांबली. २०१८ ला दोहामध्ये हाय बारचं रौप्य. २०१९ ला खांदे इतके दुखावले की राष्ट्रीय ऑल-अराउंड स्पर्धेची अंतिम फेरीही गाठता आली नाही, आणि ही स्पर्धा त्याने २००८ ते २०१७ सलग दहा वेळा जिंकलेली.

२०२० मध्ये त्याने फक्त हाय बारवर लक्ष द्यायचं ठरवलं. खांद्यांना सर्वांत त्रास रिंग्जचा, तो टळला. पण एकाच साधनावर पदक हवं तर काठिण्य वाढवावंच लागतं, म्हणून संचात ब्रेटश्नायडर आला, कोव्हाक्समध्ये दोन पीळ. म्हणजे ज्या हिशेबावर त्याची कारकीर्द उभी होती, तो त्याला उलटा मांडावा लागला. निर्णय बरोबर होता असंच माझं मत आहे, दुसरा मार्ग नव्हता.

२४ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक, आरिआकेचं जिम्नॅस्टिक्स सभागृह. ब्रेटश्नायडर झाला, उडून पकडायचे अवघड घटक पार पडले, आणि नंतर हातावर उभं राहून फिरण्याच्या, त्याला रोजच्या असलेल्या घटकात पकड सुटली. १३.८६६. अंतिम फेरी हुकली. उड्यांचे घटक संपले की मेंदू सैल होतो, पण फिरताना हात बदलण्याची वेळ बोटभरच असते आणि बोटं तोवर थकलेली असतात. संच आखताना अवघड घटकांनंतर लगेच काय येतंय, ते म्हणून तपासा. त्याच ऑलिम्पिकमध्ये १९ वर्षांच्या दाइकी हाशिमोतोने ऑल-अराउंड आणि हाय बार, दोन्ही सुवर्णं जिंकली.

तीन महिन्यांनी जागतिक स्पर्धा किताक्यूशूत होती, त्याच्या जन्मगावी. हाय बारच्या अंतिम फेरीत १४.६००, सहावा. ती त्याची शेवटची स्पर्धा. जानेवारी २०२२ मध्ये निवृत्ती जाहीर झाली आणि १२ मार्चला टोकियोत निरोपाचं प्रदर्शन झालं. तिथे एकट्या हाय बारवर भागलं असतं, कोणी तक्रार केली नसती. त्याने सहाही साधनं केली, रिंग्जसकट.