एकटीच गो बाय?

श्रोतेहो, नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. भांडण नसतं, सगळे दमलेले असतात. नेवऱ्या, मोदक, पातोळ्या, वीस-पंचवीस माणसांच्या पंगती, आणि गणपतीच्या डोक्यावर टांगलेली रानफळापानांची माटोळी उतरवल्यावर घरभर झालेला पाचोळा. मागच्या वर्षी अशीच मागच्या पडवीत बसले होते, बोटांना अजून तळणीचा वास होता. आमचे हे समोर पेपर वाचत होते. मी म्हटलं, "सोमवारी मी हंपीला जाते."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

त्यांनी पान उलटलं. "बरं. दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना, तेवढं बघून जा."

आता तुम्हाला वाटेल, काय समजूतदार नवरा आहे! तो समजूतदारपणा यायला पाच वर्षं लागली, आणि त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

मी डिचोली तालुक्यातली. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता सहासष्ट पूर्ण झाली. हे धडधाकट आहेत, पण घराबाहेर त्यांना झोप लागत नाही. हे मुद्दाम आधी सांगते, कारण माझ्या वयाची बाई एकटी फिरताना दिसली की लोक पहिल्यांदा तिच्या गळ्याकडे बघतात. मंगळसूत्र दिसलं की पुढचा प्रश्न, "मग ते का नाही आले?" जणू प्रवासाचं तिकीट जोडीनेच मिळतं.

प्रवास काही मी नव्याने करत नाही. लग्न झाल्यापासून तिरुपती झालं, म्हैसूर झालं, महाबळेश्वर झालं. पण खरं विचाराल तर मी तिथे काय पाहिलं? तिरुपतीला सासूबाईंच्या चपला सांभाळल्या. म्हैसूरचा राजवाडा मी पाहिला याला अल्बममधल्या फोटोचा पुरावा आहे. मला आठवतं ते एवढंच, की धाकट्याला शू लागली होती आणि जागा सापडत नव्हती. प्रत्येक स्टेशनवर मी नग मोजायची. सात नग. एकदा मुलीलाही नगांत मोजलं आणि एक बॅग कर्नाटकात राहिली.

निवृत्तीनंतर एका सहल कंपनीबरोबरही जाऊन आले. वाईट नव्हतं. पण पहाटे पाचला दारावर थाप, साडेसहाला नाश्ता, सातला बस, आणि बसमध्ये अंताक्षरी. बत्तीस वर्षं घंटेवर जगलेल्या मास्तरणीला पैसे भरून परत घंटा नको होती.

सुरुवात झाली ती एका फेरीबोटीने. आमच्या नार्व्याहून दिवाडीला फेरी जाते. नदी ओलांडायला पाच-दहा मिनिटं, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. आणि एकसष्टाव्या वर्षापर्यंत मी दिवाडी बेटावर पाय ठेवला नव्हता! जगभरचे लोक विमानं करून आपल्या गोव्यात येतात, आणि आपण समोरच्या काठावरून त्यांच्या भाड्याच्या स्कुटरी मोजतो. त्या दिवशी नार्व्याला सप्तकोटेश्वराला गेले होते. दर्शन झालं, परतीच्या बसला तासभर होता. धक्क्यावर फेरी लागली, लोखंडी फळी धाडकन खाली पडली, दोन मोटरसायकली आणि एक टेंपो आत गेला. मीही गेले. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. माझ्या शेजारी मासळीची रिकामी पाटी घेऊन एक बाई उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एकटीच गो बाय?"

"हय, एकटीच."

"बरें," ती म्हणाली, आणि नदीकडे बघत राहिली. एवढंच. पण हे "बरें" मला कुणी तोपर्यंत म्हटलं नव्हतं.

दिवाडीला मी काय केलं? शेताच्या कडेने चालले. पिएदादच्या टेकडीवर चर्चपाशी चढून गेले. तिथून मांडवीपलीकडची जुन्या गोव्याची पांढरी चर्चं दिसतात. एका घराच्या बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीच्या, पायरीवर मांजर झोपलं होतं, ते उठेपर्यंत बघत बसले. आणि तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट नव्याने कळली, जी मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. आमचा नार्व्याचा सप्तकोटेश्वर, कदंब राजांचं दैवत, तो मूळचा या दिवाडीचा. पोर्तुगीजांच्या काळात इथलं देऊळ पडलं आणि देव नदी ओलांडून नार्व्याला गेला. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आपल्या गोव्यातले अर्धे देव असे रातोरात होडीत बसलेले आहेत. त्यांना नाही कुणी विचारलं, एकटेच का म्हणून.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. हे दारात उभे, मुलीचे सात मिस्ड कॉल, शेजारीण अंगणात. मी म्हटलं, दिवाडीला गेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव, की जणू मी लिस्बनला जाऊन आले.

त्यानंतर हळूहळू पल्ला वाढवला. आधी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग एक रात्र. सावंतवाडीहून एसटीने आंबोलीमार्गे कोल्हापूरला गेले. एसटीत १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, महाराष्ट्राच्या हद्दीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट. त्या प्रवासात एक मूर्खपणा केला, तो तुम्ही करू नका. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने सकाळपासून पाणीच प्यायले नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले तर डोळ्यांपुढे अंधारी. एका गजरेवाल्या बाईने धरून बसवलं, लिंबूपाणी पाजलं आणि वर दम दिला, "म्हातारपणी असले खेळ करू नका मावशी." तेव्हापासून पाण्याची बाटली संपवायची, आणि बस थांबली की कंडक्टरला मोठ्याने सांगून उतरायचं. लाज वाटायचं वय केव्हाच गेलं.

रेल्वेचं म्हणाल तर ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली. बायकांना निम्मं भाडं लागायचं, ते गेलं, आणि त्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. पण एक गोष्ट शिल्लक आहे. पंचेचाळीस वर्षांवरच्या बाईला आणि साठीच्या पुरुषाला खालचा बर्थ देण्याचा एक कोटा असतो, आणि तो एकट्याने किंवा फार तर दोघांनी मिळून काढलेल्या तिकिटालाच लागू होतो. सात नगांच्या कुटुंबाला नाही! एकटेपणाचा असा सरकारी फायदा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

तर हंपी. वास्कोहून हावड्याला जाणारी अमरावती एक्सप्रेस आठवड्यातून काही ठरावीक दिवस असते. सकाळी मडगावला बसलं की दुपारी हंपीजवळच्या होस्पेटला उतरता येतं. आदल्या रात्री मडगावला मावसबहिणीकडे राहिले. गाडीत खिडकीची जागा माझी होती. समोरचं कुटुंब म्हणालं, "आजी, आमच्या छोट्याला खिडकी द्याल का? दूधसागर येणार आहे."

श्रोतेहो, चाळीस वर्षं मी खिडकी दिली. मुलांना दिली, भाच्यांना दिली, मळमळतं म्हणून नणंदेला दिली. मी म्हटलं, "नाही. पण त्याला माझ्या शेजारी बसू दे."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याला मागून इंजिनं जोडतात, कारण पुढचा चढ एकट्या इंजिनाच्या आवाक्यातला नाही. गाडी हळू झाली, एकामागून एक बोगदे सुरू झाले. प्रत्येक बोगद्यात तो पोरगा किंचाळायचा, आणि पाचव्या बोगद्यापासून मीही किंचाळायला लागले. मग उजेड, आणि समोर तो पांढरा कडा. सप्टेंबरअखेर, पाणी भरपूर. तुषार खिडकीतून आत आले, माझ्या चष्म्यावर, त्याच्या गालावर. चष्मा पुसेपर्यंत धबधबा मागे पडला. पुन्हा एकदा बघायला यावं लागणार, हे तिथेच ठरलं.

होस्पेटला राहण्याचं आधी जमत नव्हतं. एका लॉजवाल्याने फोनवरच सांगितलं, एकट्या बाईला खोली देत नाही. दुसऱ्या ठिकाणी दिली. तिथल्या मॅनेजरने रजिस्टर उघडून विचारलं, "साथ में कौन?" म्हटलं, "लिखो, शून्य." त्याने खरंच शून्य काढलं, गोल, मोठं. आणि खोली मात्र जिन्याजवळची दिली, रात्री हाक मारली तर ऐकू येईल अशी.

हंपीचं मी तुम्हाला काय वर्णन करू? मी सगळं पाहिलंच नाही. दोन दिवसांत दोनच ठिकाणं पाहिली, गुडघ्यांनी तेवढीच परवानगी दिली. पण विठ्ठल मंदिरात मात्र दीड तास बसले. आपल्या पन्नासच्या निळ्या नोटेच्या मागे जो दगडी रथ आहे, तो याच मंदिराच्या आवारात. एका पोराने नोट हवेत धरून रथाशेजारी फोटो काढला. मग मलाही मोह झाला. नोट काढली, तर ती मधोमध सेलोटेप लावलेली निघाली.

गर्दी रथापाशी असते. आत गाभाऱ्याकडे फारसं कुणी थांबत नाही, कारण आत देव नाही. गाभारा रिकामा आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, अशी आपल्याकडे परंपरा आहे. इतिहासकार त्यावर काय म्हणतात ते त्यांना म्हणू द्या. १५६५च्या लढाईनंतर हे शहर लुटलं गेलं, त्यानंतर ते पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलंच नाही. मी त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे बसले. गर्भगृहाभोवती एक खालच्या पातळीवरची काळोखी प्रदक्षिणेची वाट आहे, तिथून मोबाइलचा उजेड करून पाच-सहा मुली खिदळत गेल्या. मग शांत झालं. घरच्या लोकांबरोबर आले असते तर दहाव्या मिनिटाला कुणी म्हणालं असतं, "चला, यात काय बघायचं, आत काही नाहीच."

आता सगळं गोडगोड सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. दिवसभर मजा असते. दिवेलागणीला मात्र पोटात खड्डा पडतो. हॉटेलात एकटीसाठी एक ताट येतं, समोरची खुर्ची रिकामी, आणि वेटर दोन ग्लास ठेवून एक परत उचलून नेतो. त्या ग्लासचा आवाज मला अजून सवयीचा झालेला नाही. मग मी ह्यांना फोन लावते. मनात असतं, आज तुंगभद्रेच्या काठी संध्याकाळ कशी झाली ते सांगायचं. ते विचारतात, "डाळीला शिट्ट्या किती काढायच्या?" मी सांगते, चार. आणि खड्डा जरा बुजतो.

निघण्याआधी मी करते ते एवढंच. औषधांची यादी आणि घरचे दोन फोन नंबर कागदावर लिहून ब्लाऊजच्या आतल्या खिशात, कारण मोबाइल पडला तर त्यातला नंबर काय कामाचा? पैसे दोन ठिकाणी. अंधार पडायच्या आत खोलीवर. आणि बॅग अशी, की स्वतःला उचलता येईल. एक नग.

हंपीहून परत आले तेव्हा हे मडगाव स्टेशनवर उभे होते. बॅग हातातून घेतली, आणि वाटेत, साधारण फोंड्यापर्यंत, काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथला विठ्ठल पंढरपूरला गेला म्हणतेस, मग आता पंढरपूरलाच जाणार असशील." म्हटलं, हो, कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर. गोवा एक्सप्रेसने मिरज, तिथून पुढे दुसरी गाडी. ते म्हणाले, "मी आलो तर?"

म्हणजे बघा. घराबाहेर झोप येत नाही म्हणणारा माणूस.

खालच्या बर्थचा कोटा दोघांनाही चालतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सध्या त्यांना वेटिंगवर ठेवलं आहे.

नमस्कार.