एवढा मोठा तंबोरा कोणाचा?

नमस्कार मंडळी. आज मुंबईच्या जाझबद्दल बोलायचंय, पण वाजवणाऱ्यांबद्दल कमी आणि ऐकणाऱ्यांबद्दल जास्त, कारण माझं आपलं पक्कं मत आहे की वादक या शहरात नेहमीच होते, आजही आहेत आणि फार चांगले आहेत, कमी पडतो तो समोर बसणारा माणूस. तिकीट काढून समोर बसणारा. हे मी आज दोन-तीनदा तरी म्हणणारे, तर लक्षात असू द्या, तिकीट काढून बसणारा माणूस.

आता थोडं मागचं सांगते, पटकन सांगते कारण मला पुढे एक गोष्ट सांगायचीय. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईत ताजमध्ये वाजवायला आला, त्याच्या मागोमाग ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवर टेडी वेदरफर्ड, आणि या लोकांचं ऐकून ऐकून, त्यांच्या शेजारी बसून आपल्या गोव्याची पोरं तयार झाली. गोव्याचीच का, तर तिथे चर्चच्या शाळेत लहानपणापासून नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, म्हणजे कागद समोर ठेवला की वाजवणार. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून पुढे वीसेक वर्षं ताजमध्ये वाजत होता. आणि चिक चॉकलेट! गोव्यातल्या हळदोण्याचा माणूस, खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तुम्ही म्हणाल आम्ही कुठे ऐकलाय, तर ऐकलाय हो, आपल्या अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ऐकलाय. १९५१ चा अलबेला लावा आणि ट्रंपेटकडे कान द्या.

मग दारूबंदी आली, १९४९ चा कायदा, हॉटेलांची रात्रीची कमाई आटली आणि वादक दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला जायला लागले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, ही सगळी त्यातलीच माणसं, हिंदी गाण्यांमागचं वाद्यवृंदाचं लिखाण यांच्या हातचं. पोट फिल्मवर आणि जीव जाझवर अशी कित्येकांची तऱ्हा होती.

आणि ऐकणारे? ऐकणारेही होते ना. निरंजन झवेरी नावाचे गृहस्थ, त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी पन्नासच्या दशकात ब्लू ऱ्हिदम नावाचं जाझचं मासिकच काढलं, १९७५ मध्ये जाझ इंडिया ही संस्था उभी केली, आणि १९७८ मध्ये जाझ यात्रा नावाचा महोत्सव सुरू केला. पहिल्याच यात्रेला सनी रॉलिन्स! जगातल्या सगळ्यात मोठ्या सॅक्सोफोनवाल्यांपैकी एक, तो मुंबईत, का तर इथल्या काही ऐकणाऱ्यांनी हट्ट धरला म्हणून. लक्षात घ्या, यात्रा वादकांनी नाही सुरू केली, ऐकणाऱ्यांनी सुरू केली.

तर आता ती गोष्ट. जाझ यात्रेच्याच एका वर्षाची, ऐंशीच्या दशकातली, मी शाळेत होते.

माझा मामा गिरगावात चाळीत राहायचा, विमा कंपनीत नोकरी, आणि गाण्याचा वेडा, पण कुठलं गाणं, तर नाट्यसंगीत आणि ख्याल. साहित्य संघात नाटक असलं की मामा तिथे, लक्ष्मी बागेत बैठक असली की मामा तिथे, बाकी दुनियेशी संबंध नाही. जाझ हा शब्द त्याने ऐकला असेल पण ते आपलं नव्हे एवढंच त्याला माहीत. आणि खोताच्या वाडीत त्याच्या ओळखीचे एक गोव्याचे अंकल होते, दूध आणायला दोघं एकाच वेळी जायचे त्यातून ओळख. अंकल डबल बेस वाजवायचे, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं वाद्य, दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग, रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावून विलिस कॉनोव्हरचा जाझचा कार्यक्रम ऐकायचे, खरखर करत का होईना पण ऐकायचे.

तर झालं काय, यात्रेला आलेल्या एका बाहेरच्या बँडच्या बेसवाल्याला इथे वाद्य हवं होतं. डबल बेस विमानातून आणायचा म्हणजे केवढा व्याप, त्यामुळे बेसवाले बरेचदा जिथे जातील तिथलं वाद्य मागून घेतात. अंकलच्या बेसवर आयोजकांची नजर गेली, अंकल हो म्हणाले, आणि संध्याकाळी तो बेस खोताच्या वाडीतून धोबीतलावला रंगभवन या उघड्या नाट्यगृहात पोचवायचा होता. सहा फुटांचं धूड, फियाट टॅक्सीत काही बसेना. टपावर बांधू म्हटलं तर अंकल नको म्हणाले. मामा सहज तिथे उभा होता, तो म्हणाला हातगाडी करूया, तर अंकल एकदम, "अरे मॅन, हातगाडी नको, धक्क्याने सरसाचे जोड सुटतील." मग? मग उचलूनच न्यायचा. पुढे मानेकडे अंकल, मागे मामा, आणि मी बो, म्हणजे वाजवायचा गज, आणि राळेची डबी असलेली कापडी पिशवी घेऊन, कारण मी मामाकडे राहायला आले होते आणि मला घरी सोडायला कोणी नव्हतं.

निघालो. ठाकुरद्वारचा नाका, मग चिराबाजार, संध्याकाळची गर्दी, मासळीवाल्या, बस, हातगाड्या, आणि त्यातून हे दोघं तो बेस सांभाळत चाललेत, दर शंभर पावलांवर थांबतायत, अंकल खोळीवर हात ठेवून बघतायत सगळं ठीक आहे ना. लोक वाट देत होते हं, गिरगावात वाद्य घेऊन जाणाऱ्याला लोक वाट देतात. चिराबाजारात एक म्हातारे आजोबा दुकानाच्या पायरीवर बसलेले, त्यांनी मोठ्याने विचारलं, "अहो, एवढा मोठा तंबोरा कोणाचा?" मामा म्हणाला, "ह्यांचा." आणि अंकलकडे मानेने दाखवलं. अंकल एवढे खूश झाले, अजून मला त्यांचा चेहरा आठवतो, इतकी वर्षं त्या रस्त्यावरून ये-जा करत होते पण त्यांच्या वाद्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

रंगभवनात पोचलो तर दारावर आम्हाला कोणी तिकीट विचारलं नाही, बेसच्या मागोमाग आत. अंकलनी मामाला बाजूला एका खुर्चीवर बसवलं, मला त्याच्या शेजारी, आणि स्वतः विंगेत उभे राहिले. स्वतःचं वाद्य दुसऱ्याच्या हातात, ते बघत. बाहेरचा बेसवाला आला, उंच माणूस, त्याने तार छेडून बघितली, खुंटी जरा पिळली, परत छेडली, आणि अंकलकडे बघून मान डोलावली. सुरू झालं.

पहिला अर्धा तास मामा अस्वस्थ. मांडीवर बोटं चाललेली, सम सापडेना. मला हळूच म्हणतो, अगं हे ठेका धरतायत पण सम कुठाय. ड्रमवाला दोन आणि चारवर झांज दाबतोय, आणि मामाचा हात एकवर पडतोय, त्यामुळे त्याला सगळं उलटं वाटत होतं. मग त्याने ड्रम सोडला आणि बेस धरला. बेस सरळ चालत होता, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, एकही मात्रा न चुकता. मामा मोजायला लागला. आणि थोड्या वेळाने माझा हात घट्ट धरून म्हणाला, "सोळा आहेत! तीनतालच आहे की! आठ आवर्तनं झाली की हे मुखड्यावर परत येतात."

मंडळी, हे त्याने आपल्या बोटांवर शोधून काढलं, कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते बरोबर आहे. जाझच्या पुष्कळ गाण्यांचा साचा बत्तीस बारचा असतो, एका बारात चार मात्रा, म्हणजे चार बारांचं एक तीनतालाचं आवर्तन, बत्तीस बारांची आठ आवर्तनं. आठ-आठ बारांचे चार भाग, पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा परत पहिल्यासारखा. आणि ब्लूज असेल तर बारा बार, म्हणजे तीन आवर्तनं. परत सांगते, बत्तीस बार म्हणजे आठ आवर्तनं, बारा बार म्हणजे तीन. एवढं कळलं की बाकी सगळं आपोआप उघडतं, धून आधी सगळे मिळून वाजवतात, मग एकेक जण त्याच साच्यावर आपापली बढत करतो, तोच सोलो, साचा मनात चालूच असतो, आणि शेवटी पुन्हा धून. बंदिशीवर ऐकायची सवय असलेल्या आपल्या लोकांना जाझ कळत नाही असं जे म्हणतात ना ते मला अजिबात पटत नाही, आपल्याला तर ते लवकर कळायला पाहिजे.

तर मामाला सम सापडली आणि त्यानंतर तो जागचा हलला नाही. कोणी सोलो संपवून बरोब्बर आठव्या आवर्तनाला खाली उतरला की मामा "वा!" करायचा, पूर्ण रंगभवनात एकटा "वा!" करणारा, आणि आजूबाजूचे वळून बघायचे, पण मग दोन-चार आवर्तनांनी शेजारचे पण करायला लागले. (इथे एक सांगते, मुलांना रात्रीच्या मैफलीला न्यावं. सकाळची शाळा बुडते म्हणतात, बुडू दे. माझी दुसऱ्या दिवशीची शाळा बुडली, त्या शाळेत त्या दिवशी काय शिकवलं ते आज कोणाला आठवणारे, बत्तीस बार मला आठवतायत.)

कार्यक्रम संपला. तो उंच माणूस बेस घेऊन विंगेत आला, अंकलना वाद्याचं भाडं द्यायला लागला, अंकल नाही म्हणाले. त्याने परत आग्रह केला. मग अंकल जरा घुटमळले आणि म्हणाले, पैसे नकोत, तुझ्याकडे जादा तारा असतील तर एक संच दे. तेव्हा परदेशी तारा इथे दुकानात मिळायच्या नाहीत, कोणाचा नातेवाईक बोटीवर नोकरीला असला तर आणणार, नाहीतर जुन्याच तारा स्पिरिटने पुसून पुसून वापरायच्या. त्या माणसाने आपल्या पेटीतून नवा कोरा संच काढून दिला. अंकलनी तो शर्टाच्या आत ठेवला, खिशात नाही, शर्टाच्या आत. आणि परत आम्ही तिघं चालत, रात्री रस्ता मोकळा, बेस मध्ये. त्या तारा पुढे कित्येक वर्षं स्टुडिओत वाजल्या, म्हणजे तुम्ही-आम्ही जी हिंदी गाणी गुणगुणतो त्यातल्या काहींच्या तळाशी त्या तारा आहेत.

आणि मामा? पुढच्या यात्रेला मामाने स्वतःचं तिकीट काढलं. चाळीतल्या आणखी चौघांना काढायला लावलं. त्याचं एक म्हणणं होतं आणि ते माझंही आहे, पास मागायचा नाही. हा जो आपल्याकडे रोग आहे ना, ओळखीचा कोणी आयोजक दिसला की "पास मिळेल का", हॉटेलात जेवायचं बिल मुकाट्याने भरतो आणि गाण्याला पास मागतो, त्याची मला फार चीड आहे. पास घेऊन आलेला माणूस मध्येच उठून जातो. तिकीट काढलेला बसतो.

आता रंगभवनात ते राहिलं नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र, आणि रंगभवनाच्या एका बाजूला झेवियर्स कॉलेज, जवळच हॉस्पिटलं. पेशंटला त्रास नको हे मलाही मान्य आहे, पण एक उघडं नाट्यगृह गेलं त्याच्या बदल्यात शहराने दुसरं दिलं नाही, याचं दुःख आहे. मग २००७ मध्ये लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग निघालं, रोज लाइव्ह संगीत, तेही २०१६ ला बंद झालं. अशा जागा बंद का पडतात तर गणित साधं आहे, भाडं मोठं, चार वादकांचं मानधन, आणि ऐकणारे लोक एक पेय घेऊन दोन तास शांत बसतात, त्यापेक्षा डीजे लावला तर गल्ला जास्त. म्हणून तिकीट. दारावरचं तिकीट असलं तर मालकाला दारूच्या विक्रीवर बँड तोलावा लागत नाही आणि मंगळवारच्या रात्रीही बँड बसू शकतो.

तरी आज काहीच नाही असं नाही हं. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात जाझचे कार्यक्रम होतात, ३० एप्रिल हा युनेस्कोने ठरवलेला जाझ दिवस, त्याच्या आसपास शहरात हमखास काहीतरी असतं, आणि वांद्र्याकडे छोट्या जागांत तरुण मुलं-मुली वाजवतात, त्यातली काही तर इतकी सुंदर वाजवतात की समोर वीसच माणसं बघून माझ्या पोटात तुटतं.

तर जायचं कसं ते सांगते. आधी फोन करून विचारा बँड नक्की किती वाजता बसणार, कारण जाहिरातीतली वेळ दार उघडण्याची असते. बेसवाल्याचे हात दिसतील अशी जागा धरा. फोनवर शूटिंग करू नका, निदान पहिला सेट, म्हणजे मध्यंतरापर्यंतचा भाग, तरी नको. टाळी एकवर पडली तरी बिघडत नाही, मोजत राहा, बत्तीस बार, आठ आवर्तनं, आणि सोलो संपला की टाळ्या तिथल्या तिथे द्यायच्या, गाणं संपायची वाट बघायची नाही, तशीच पद्धत आहे. आवडलं तर "वा" म्हणा, मोठ्याने म्हणा, वादकांना ते समजतं. आणि मध्यंतरात त्यांच्याकडे जाऊन पुढचा कार्यक्रम कधी, कुठे, तिकीट कुठे मिळेल, हे तीन प्रश्न विचारून तारीख तिथेच लिहून घ्या.