लातूरच्या भिंतीवर खंबातचं आखात

मंडळी, मी काही भूगोलाचा प्राध्यापक नाही. लातुरात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, आणि त्यात देवाचे फोटो, लग्नाचे फोटो, हार घालायचे फोटो हेच जास्त. समुद्राचा नकाशा हातात आला तो औशाकडच्या एका मावशींमुळं. त्यांचा पोरगा मर्चंट नेव्हीत आहे, त्यानं जहाजावरचा रद्द झालेला एक चार्ट घरी आणून दिला होता, खंबातच्या आखाताचा, आणि मावशी तो सुरळी करून, वर साडीचा काठ बांधून दुकानात घेऊन आल्या.

काउंटरवर उलगडला तर मला काहीच कळेना. आपण शाळेत बघितलेल्या नकाशात जमीन भरगच्च आणि समुद्र नुसता निळा. इथं सगळं उलटं. जमीन पिवळसर आणि जवळपास मोकळी, पाण्यात मात्र मुंग्यासारखे आकडे. आणि निळा रंग उथळ पाण्याला, खोल पाणी पांढरं. मावशींनी एका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये काय रे बाबा?" मी म्हणलं, खोली असंल पाण्याची. तर लगेच, "किती परस?"

आता आपल्याकडं विहीर परसातच मोजतात ना, उभ्या माणसाच्या मापानं. मी घरी जाऊन वाचायला लागलो तर कळलं, समुद्राचं जुनं मापही माणसाच्या अंगाचंच आहे, दोन्ही हात पसरले की एक वाव, इंग्रजीत फॅदम, म्हणजे ६ फूट. जुन्या चार्टवर वाव, नव्यावर मीटर. आणि ती खोली भरतीच्या वेळची नसते बरं का, ओहोटीला पाणी जवळपास सगळ्यात खाली जातं तिथून धरलेली असते, म्हणजे नावाड्याला फसवणूक नको. आपण विहिरीचं पाणी वैशाखात बघतो, गणपतीत नाही, तसंच. हे कळलं आणि मला तो कागद एकदम आपल्यातला वाटायला लागला.

लोक म्हणतात, मराठवाड्यात समुद्र कुठंय, उगं शोभेला कशाला लावायचा? मला हे पटत नाही. भारताच्या समुद्राचे चार्ट जिथं बनतात ते नौदलाचं ऑफिस देहरादूनला आहे, तिथंही समुद्र नाही. आणि आपला तर जुना संबंध आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाचं टिपण लिहिलंय, पेरिप्लस म्हणतात त्याला, त्यात खंबातच्या आखाताजवळच्या भरूच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून साधं कापड आणि मलमल, बैलगाड्यांवर, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. त्यातच लिहिलंय की भरूचच्या तोंडाशी वाळूचे दांडे फार, भरती-ओहोटीची ओढ भयंकर, म्हणून राजाच्या पदरचे तिथले कोळी होड्या घेऊन पुढं जायचे आणि परदेशी जहाजाला वाट दाखवत आत आणायचे. मावशींच्या चार्टवर त्या आखातातले दांडे अजून दिसतात, हिरवट रंगात, ओहोटीला उघडे पडतात ते. मी एक संध्याकाळ शटर अर्धं ओढून नुसता बघत बसलो होतो, तेरचं कापड इथनं गेलं म्हणून.

म्हणून माझं सांगणं एवढंच की चार्ट लावायचा तर वाचता येईल असा लावा. सोफ्याच्या वर उंच टांगला की तो वॉलपेपर झाला. मधला भाग डोळ्याच्या रेषेत पाहिजे, थोडा खालीच चालेल, आणि समोर उभं राहायला जागा पाहिजे. मोठा चार्ट साधारण ११९ बाय ८४ सेंटीमीटरचा असतो, एवढी काच लई जड होते, ॲक्रिलिक घ्या, आणि एका खिळ्यावर नाही, दोन हुकांवर. कागद काचेला चिकटू द्यायचा नाही, मध्ये माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, पाहिजे, तोही ॲसिड-फ्री, म्हणजे कागद पिवळा न पाडणारा. प्लायवर गोंदानं चिकटवायचा तर अजिबात नाही. मी सुरुवातीला एक चिकटवला होता, पावसाळ्यात फुगे आले, तो गेला तो गेलाच, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पश्चिमेचं ऊन येतं ती भिंत सोडा, रंग उडतो. आणि कूलरच्या समोरची भिंत तर सोडाच, उन्हाळाभर ती ओली हवा कागदाला लाटा आणते, हे आपल्याकडंच जास्त होतं. माळवदाचं घर असलं, चुन्याची भिंत असली तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, मागून हवा खेळती राहते, ओल धरत नाही, कसर कमी लागते.

नांदेडच्या एका गिऱ्हाइकाला मी गोदावरीच्या मुखाचा चार्ट सुचवला होता, त्यांनी शोधून आणला, फार छान दिसतो, आपल्या घाटावरचं पाणी शेवटी कुठं जातं ते घरात दिसतं.

मावशींचा चार्ट मी सोप्यात लावून दिला, त्यांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, तसं त्यांनीच सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमाराला पोरगा सुट्टीवर आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं आखातातली एक जांभळट गुलाबी खूण दाखवली, म्हणाला, आई, इथं आम्ही थांबतो, इथला पायलट होडीनं येतो, शिडीनं वर चढतो आणि मग तो सांगंल तसं जहाज आत न्यायचं. मावशींनी त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. "हितं पाणी किती?"

"अठरा मीटर."

"म्हंजी धा परस," मावशी म्हणाल्या.